हवा पाणी धरून ठेवत नाही

मे महिन्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत हवामानाच्या चौकटीत दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले दिसतात. कमाल तापमान 34 अंश, आर्द्रता 88 टक्के. वाचणाऱ्याच्या मनात लगेच दुपारचे चित्र उभे राहते: डोक्यावर 34 अंशांची उष्णता आणि त्याच क्षणी हवेत 88 टक्के ओलावा. अशी दुपार मुंबईत होत नाही. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते एका वेळेचे नसतात. कुलाबा आणि सांताक्रूझ इथल्या वेधशाळांची आर्द्रता सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला जाहीर होते. कमाल तापमान भर दुपारचे असते. सकाळचा टक्का आणि दुपारचा पारा एका ओळीत आले की त्यांची जोडी लागते, आणि पाण्याच्या वाफेविषयीचे आपले बरेचसे गोंधळ या जोडीतून सुरू होतात.

समजा, पहाटे तापमान 28 अंश आहे आणि आर्द्रता 88 टक्के. दुपारपर्यंत पारा 34 वर गेला. मधल्या वेळात समुद्रावरून नवे बाष्प आले नाही आणि होते तेही कुठे गेले नाही. तरी दुपारी मोजली तर आर्द्रता 63 टक्के भरते. हवेतले पाणी तेवढेच आहे, टक्का मात्र पंचविसाने उतरला. याचे कारण असे की हा टक्का पाण्याचे प्रमाण सांगतच नाही. त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढे बाष्प टिकू शकते, त्याच्या किती हिश्शाइतके बाष्प आत्ता आहे, एवढेच तो सांगतो. आणि ही कमाल मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. शून्य अंशाला ती घनमीटरमागे पाच ग्रॅमांहूनही थोडी कमी असते. 10 अंशांना 9.4 ग्रॅम, 20 अंशांना 17.3, 30 अंशांना 30.4 आणि 40 अंशांना सुमारे 51 ग्रॅम. शंभर टक्के हा शब्द थंडीत उच्चारला तर त्याचा अर्थ चमचाभर पाणी, आणि मे महिन्यात उच्चारला तर त्याच्या दसपट.

म्हणून नागपूरच्या कोरड्या हवेचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. मे महिन्यातली दुपार, 44 अंश, आर्द्रता 15 टक्के. ओठ फुटतात, ओला टॉवेल बघता बघता वाळतो. आता डिसेंबर-जानेवारीतल्या निफाडच्या द्राक्षबागेत पहाटे उभे राहा. पारा पाच अंशांवर, आर्द्रता 95 टक्के, पानांवर दव, चपला ओल्या. दोन्हींपैकी कोणत्या हवेत पाणी जास्त? नागपूरच्या. तिथे घनमीटरमागे 9.3 ग्रॅम बाष्प आहे आणि निफाडच्या ओल्याचिंब पहाटेत साडेसहा ग्रॅम. मुंबईच्या वर सांगितलेल्या दुपारी ते साडेतेवीस ग्रॅम भरते. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचाच दुसरा चेहरा ठाऊक असतो. बाहेर बर्फ पडत असतो, आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ असते, आणि घरात मात्र नाक कोरडे पडते, कातडी ताणते. शून्य अंशाची ती ओली हवा घरात येऊन 22 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 23 टक्क्यांवर येते. खिडकी उघडून बाहेरची हवा आत घेतली तर घर आणखी कोरडे होईल.

फिरत्या संदेशांत दर उन्हाळ्यात येणारा 'तापमान 40 आणि आर्द्रता 90' हा दावाही याच हिशोबाने तपासता येतो. त्यासाठी एकच संज्ञा हाताशी हवी: दवबिंदू. हवा थंड करत नेली तर ज्या तापमानाला तिच्यातले बाष्प कमाल मर्यादा गाठते आणि दव पडू लागते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. हवा तापली किंवा निवली तरी तो हलत नाही. बाष्प वाढले तरच चढतो, घटले तरच उतरतो. 40 अंशांना 90 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 38 अंशांवर असायला हवा. हवेला बाष्प मिळते ते मुख्यतः समुद्राच्या पृष्ठभागावरून, आणि त्या पाण्याहून फार वरचा दवबिंदू समुद्र देऊ शकत नाही. मुंबईजवळचा अरबी समुद्र मे महिन्यात साधारण 30 अंशांपर्यंत तापतो. इराणच्या आखाताचे उथळ पाणी त्याहून बरेच गरम होते. तिथे सौदी अरेबियातल्या दहरान गावी 8 जुलै 2003 रोजी 35 अंशांचा दवबिंदू नोंदला गेला, आणि तो जगातल्या सर्वांत वरच्या नोंदींपैकी एक मानला जातो. 38 ही संख्या त्याच्याही पलीकडची आहे.

आता मुळाकडे येऊ. शाळेच्या भूगोलात आपण 'हवेची बाष्पधारण क्षमता' शिकतो. गरम हवा जास्त बाष्प धरते, थंड हवा कमी धरते, क्षमता संपली की पाऊस पडतो. परीक्षेत हे उत्तर चालते आणि अनेकदा हिशोबही बरोबर येतो. पण त्यामुळे मनात हवेचा एक स्पंज तयार होतो: छिद्रे आहेत, त्यांत पाणी मुरते, छिद्रे भरली की गळू लागते. अठराव्या शतकातल्या जाणत्या माणसांनाही असेच वाटत होते. माँपेलिये इथल्या शार्ल ल रॉय याने 1751 साली मांडले की मीठ पाण्यात विरघळते तसे पाणी हवेत विरघळते. त्या काळाच्या मानाने हा विचार हुशारीचा होता आणि बराच काळ टिकला.

तो मोडला मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने, 1801 च्या सुमारास. त्याची युक्ती इतकी साधी आहे की ती पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. पाऱ्याच्या वायुदाबमापकाच्या नळीत, पाऱ्याच्या वर रिकामी जागा असते. तिथे हवा नसते. डाल्टनने त्या जागेत पाण्याचा थेंब सोडला. थेंबातून बाष्प निघाले, त्याने पारा खाली दाबला, आणि किती दाबला यावरून बाष्पाचा दाब कळला. मग त्याने तेच कोरड्या हवेने भरलेल्या भांड्यात करून पाहिले. तापमान सारखे ठेवले तर बाष्पाचा दाब दोन्हीकडे सारखाच येत होता. हवा असो वा नसो, जागेत तेवढेच बाष्प जमत होते. जिथे धरून ठेवायला कोणीच नाही तिथेही बाष्प तेवढेच राहत असेल, तर हवा काहीच धरून ठेवत नाही.

खरे काय घडते ते पाण्याच्या पृष्ठभागावर घडते. पाण्याचे रेणू सतत थरथरत असतात. त्यांतले अधिक वेगवान रेणू पृष्ठभागावरून सुटून वर जातात, वरचे काही पुन्हा पाण्यात येऊन अडकतात. पाणी जितके गरम तितके सुटणारे जास्त. सुटणारे आणि परतणारे यांची संख्या बरोबरीला आली की बाष्प वाढायचे थांबते. हीच शंभर टक्क्यांची अवस्था. इथे काही भरलेले नसते, उलाढाल थांबलेलीही नसते; फक्त दोन्ही बाजूंचा मेळ बसलेला असतो. म्हणून उकळल्याशिवाय वाफ होत नाही ही समजूतही चुकीची. माघाच्या थंडीत दोरीवरचे धोतर वाळते ते कुठलीही उकळी न फुटता.

स्पंजाच्या चित्रातून दुसरा गैरसमज आपोआप निघतो. भिजलेला स्पंज जड, म्हणून दमट हवाही जड. 'आज हवा फार जड आहे' असे आपण म्हणतोही. वजन केले तर उलटे निघते. आमादेओ अव्होगाद्रोने 1811 मध्ये मांडले की सारख्या तापमानाला आणि दाबाला कोणत्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते. हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूचे वजन 28, ऑक्सिजनचे 32, आणि पाण्याचे 18. बाष्पाचा रेणू आला की त्याच्यासाठी हवेचा एक जड रेणू जागा सोडतो. म्हणून मुंबईची मे महिन्यातली घामट हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा सुमारे सव्वा टक्क्याने हलकी असते. ढगाळ दिवशी हवा जड असते म्हणून चेंडू स्विंग होतो, असे वानखेडेच्या कट्ट्यावर ठामपणे सांगितले जाते. जडपणाचे हे कारण तरी टिकत नाही. आपल्याला जो जडपणा जाणवतो तो घाम न वाळल्याचा. त्याकडे पुढे येणारच आहे.

तिसरा गोंधळ डोळ्यांचा. बाष्प दिसत नाही. कुकरची शिट्टी होताना नीट पाहा: शिट्टीच्या तोंडाशी अगदी जवळ थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरा फवारा त्यानंतर सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत असते. पांढरे दिसते ते पाणी, वाफ निवून तयार झालेले बारीक थेंब. स्वयंपाकघरात हे ठाऊक असणे गरजेचे आहे, कारण हात भाजतो तो न दिसणाऱ्या भागात. एक ग्रॅम वाफ कातडीवर पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते; तेच उकळते पाणी 100 वरून अंगाच्या तापमानाला येताना 63 कॅलरी सोडते. वाफेने भाजलेले इतके खोल का जाते याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. ढग, धुके, महाबळेश्वरच्या थंडीत तोंडातून निघणारा धूर, हेही सगळे थेंबच. ढगातला थेंब इतका बारीक असतो की तो सेकंदाला जेमतेम सेंटीमीटरभर खाली येतो आणि खालून चढणारी हवा त्याला सहज वर ठेवते.

शंभर टक्के झाले की पाणी सुटलेच पाहिजे, असेही नाही. थेंबाला जमायला आधार लागतो: धूळ, धूर, समुद्राच्या फेसातून उडालेले मिठाचे कण. स्कॉटलंडच्या जॉन एटकिनने 1880 च्या दशकात धूळ गाळलेल्या हवेत धुके होत नाही हे दाखवले. 1894 मध्ये बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत ढगांवर पडलेली सूर्यप्रकाशाची कडी पाहून सी. टी. आर. विल्सनला ती प्रयोगशाळेत निर्माण करण्याचा ध्यास लागला. त्यासाठी त्याने स्वच्छ हवा एकदम प्रसरण पाववून थंड करायला सुरुवात केली, आणि त्याला दिसले की बाष्प कमाल मर्यादेच्या चौपट झाले तरी कधी कधी थेंब धरत नाहीत. मग विद्युतभारित कणांभोवती धरू लागतात. त्यातून मेघपेटी जन्मली, तिच्यात अणूच्या पोटातल्या कणांचे माग दिसू लागले, आणि 1927 चे नोबेल विल्सनला मिळाले. ढग पाहत बसण्यातून भौतिकशास्त्राला एवढे मोठे साधन मिळाले, ही मला विज्ञानाच्या इतिहासातली अत्यंत आनंदाची गोष्ट वाटते.

याची दुसरी बाजू आपल्या घरात आहे. मीठ शंभर टक्क्यांची वाट पाहत नाही. आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले बाष्प ओढून विरघळू लागते, आणि त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असेल तर त्याहून कितीतरी आधी. आषाढात कोकणात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, कारण तिथे ही रेषा आठवडेच्या आठवडे ओलांडलेली असते. समुद्रावरचे धुरकट धुकेही शंभर टक्क्यांच्या आत दिसू लागते ते याच कणांमुळे.

दवाविषयी तर शतकानुशतके वाद होता. दव आकाशातून पडते की जमिनीतून वर येते? लंडनमधला डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स रात्री बागेत लोकरीचे मोजून घेतलेले पुंजके ठेवायचा आणि सकाळी त्यांचे वजन करायचा. फळीच्या वर ठेवलेला पुंजका जास्त भिजे, खाली बांधलेला कमी. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री दव भरपूर, ढगाळ रात्री नाहीसे. तापमापक गवतावर ठेवून त्याने पाहिले की दव पडण्याआधीच गवत वरच्या हवेपेक्षा थंड झालेले असते. निरभ्र आकाशाकडे उघडे असलेले गवत आपली उष्णता बाहेर टाकून निवते आणि दवबिंदूच्या खाली गेले की शेजारचे बाष्प त्यावर पाणी होते. 1814 मध्ये त्याने दवावरचा निबंध प्रसिद्ध केला आणि रॉयल सोसायटीने त्याला रमफर्ड पदक दिले. 'दव पडते' हे आपण म्हणत राहू, पण ते पडत नाही, जागच्या जागी जमते.

पावसाच्या तोंडावर कोकणात आणि गोव्यात लादीला घाम फुटतो तेव्हा जमिनीतून पाणी वर येते आहे असे अनेकांना वाटते. जुन्या घरांत तसे होतही असेल, पण बहुतेक वेळा वेल्सचेच गवत इथे लादीच्या रूपात असते. लादी दवबिंदूपेक्षा थंड, वरची हवा बाष्पाने भरलेली. घर वाळावे म्हणून अशा दिवशी दारे-खिडक्या सताड उघडल्या तर लादी आणखी ओली होते.

माठ आणि गार पाण्याचा स्टीलचा पेला एकमेकांशेजारी ठेवले तर दोन्ही बाहेरून ओले दिसतात. त्यांची कारणे मात्र एकमेकांच्या अगदी उलट आहेत. माठाचे पाणी आतले: मातीच्या छिद्रांतून झिरपते, बाहेर वाळते आणि वाळताना माठातली उष्णता घेऊन जाते. पेल्यावरचे पाणी बाहेरच्या हवेतले, आणि ते जमताना पेल्याला उलट गरम करते. म्हणून माठ चंद्रपूरला उत्तम चालतो आणि रत्नागिरीत जेमतेम; पेला रत्नागिरीत ठिबकतो आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात कोरडा राहतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हा माठाचाच भाऊ. नागपूरच्या 44 अंश आणि 15 टक्क्यांच्या हवेत ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक 23 अंशांपर्यंत उतरतो. कूलर तिथवर पोचत नाही, पण त्या दिशेने बराच जातो. मुंबईच्या 34 अंशांत तोच ओला तापमापक 28 वर थांबतो, आणि बंद खोलीत कूलर लावला तर त्याने सोडलेल्या बाष्पामुळे त्याहून वर. मुंबईत कूलर घेऊन पस्तावलेल्या घरांत दोष यंत्राचा नसतो.

ओलाव्यावर उद्योगही उभे राहिले. कोरड्या हवेत कापसाचा धागा तुटतो, ओलसर हवेत बळकट राहतो. लँकेशायरला आणि मुंबईच्या गिरणगावाला हवेने दिलेली ही देणगी होती. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू केली ती नागपूरला, कापसाच्या उशाशी, पण कोरड्या हवेत. म्हणून तिथे हवा ओली ठेवणारी यंत्रे आणावी लागली. वातानुकूलनाची सुरुवातही गारव्यासाठी झाली नाही. 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट दिवशी कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियरने हवा दवबिंदूखाली थंड करून तिच्यातले पाणी काढण्याची सोय केली. आज मुंबईच्या इमारतींवरून एसीच्या नळ्यांतून जे पाणी ठिबकत असते, ते खोलीतल्या हवेतून काढलेले हेच पाणी.

आता घामाकडे येऊ, कारण आर्द्रतेचा अर्थ चुकला तर इथे जिवावर बेतते. घाम आल्याने अंग गार होत नाही. घाम वाळल्याने होते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे 580 किलोकॅलरी निघून जातात. तोच घाम हनुवटीवरून ठिबकला तर काहीही जात नाही, उलट शरीराचे पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते. मुंबईत घाम 'जास्त येतो' असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो फक्त जास्त दिसत असतो. नागपूरलाही तो तेवढाच येतो, पण दिसण्याआधी वाळतो. म्हणूनच तिथे पाणी कमी पडल्याचे लवकर कळत नाही.

घाम किती वेगाने वाळेल हे टक्क्यावर ठरत नाही, कातडीवरच्या आणि हवेतल्या बाष्पाच्या दाबांतल्या फरकावर ठरते. ओल्या कातडीचे तापमान साधारण 35 अंश धरले तर तिथे बाष्पाचा दाब 56 हेक्टोपास्कल असतो. नागपूरच्या हवेत तो 14, म्हणजे फरक 42 चा. मुंबईच्या हवेत 33, म्हणजे फरक 23 चा. घामाला बाहेर ओढणारी ताकद मुंबईत निम्म्यावर आली. अंश दहाने कमी असूनही मुंबईकर का कासावीस होतो, ते या वजाबाकीत दिसते. भारतीय हवामान खातेही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात 40 अंशांची अट घालते आणि किनाऱ्यावर 37 अंशांची.

खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 माणसे गेली. त्या दिवशी परिसरातले कमाल तापमान 38 अंशांच्या आसपास होते. विदर्भातल्या माणसाला हा आकडा उन्हाळ्यातला सौम्य दिवस वाटेल. डोक्यावर थेट ऊन, तासन्‌तास बसणे, गर्दीत कोंडलेली हवा, हे सगळे त्यात होते; आणि जागा किनाऱ्यालगतची होती. पाऱ्याचा आकडा पाहून कार्यक्रमाची वेळ ठरवणे पुरेसे नाही, हे तेव्हापासून तरी प्रत्येक आयोजकाला पाठ असायला हवे. शेरवूड आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये ओल्या तापमापकाची 35 अंश ही माणसाची सैद्धान्तिक मर्यादा मांडली होती. त्यापलीकडे सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. 2022 मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या, तेव्हा दमट हवेत ओला तापमापक 31 अंशांच्या आसपास असतानाच शरीराचे तापमान ताब्याबाहेर जाऊ लागलेले दिसले. म्हातारी माणसे, लहान मुले आणि बांधकामावर राबणारे मजूर यांची मर्यादा त्याहून खाली असणार.

म्हणून वर्तमानपत्रांनी आर्द्रतेऐवजी दवबिंदू छापावा असे मला मनापासून वाटते. तोवर वाचकाला तो स्वतः काढता येतो. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर शंभरातून ती वजा करायची, उरलेल्याला पाचाने भागायचे आणि तो भागाकार त्याच वेळच्या तापमानातून वजा करायचा. 34 अंश आणि 63 टक्के: शंभरातून 63 गेले, उरले 37, पाचाने भागले तर सात-साडेसात, दवबिंदू 26-27 अंश. कागदाशिवाय मोजायचा तर चकचकीत पेल्यात साधे पाणी आणि तापमापक ठेवून बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकत ढवळायचे; बाहेरून पहिला धुरकटपणा येईल तेव्हाचे पाण्याचे तापमान म्हणजे दवबिंदू. शार्ल ल रॉयने तो असाच मोजला होता. त्याचा सिद्धान्त चुकला, पण त्याची ही रीत आजही बरोबर उत्तर देते. 15 अंशांच्या खाली हवा सुखद वाटते, 20 नंतर चिकचिक सुरू होते, 25 च्या वर मेहनतीची कामे सकाळी उरकलेली बरी.

शेवटचा गैरसमज आकाराने सर्वांत मोठा. पृथ्वीला ऊबदार ठेवणाऱ्या वायूंत पाण्याच्या बाष्पाचा वाटा सर्वाधिक आहे, हे खरे. 1856 मध्ये अमेरिकेच्या युनिस फूटने काचेच्या नळकांड्यांत ओलसर हवा कोरडीपेक्षा उन्हात जास्त तापते हे पाहिले, आणि 1859 पासून लंडनमध्ये जॉन टिंडलने बाष्प उष्णतेचे किरण शोषते हे मोजून दाखवले. निफाडची रात्र गोठते आणि अलिबागची गोठत नाही, यात समुद्राच्या शेजाराइतकाच बाष्पाच्या या पांघरुणाचाही हात आहे. यावरून काही जण म्हणतात, मग कार्बन डायऑक्साइडची एवढी चर्चा कशाला? सगळा दोष बाष्पाचाच.

इथे डाल्टनची नळी पुन्हा आठवावी लागते. बाष्प किती राहील हे तापमान ठरवते. कोणी जादूने हवेत दुप्पट बाष्प सोडले तरी ते आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येईल, कारण बाष्पाचा रेणू हवेत सरासरी तेवढाच काळ राहतो. संपूर्ण वातावरणातले बाष्प एकाच वेळी खाली आणले तर पृथ्वीवर जेमतेम 25 मिलिमीटर पाणी साचेल, इतका तो साठा लहान आणि फिरता आहे. कार्बन डायऑक्साइडचा पाऊस पडत नाही. आपण सोडलेल्यातला मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो आणि तापमान वर नेतो. तापमान एका अंशाने चढले की बाष्पाची कमाल मर्यादा सुमारे सात टक्क्यांनी वाढते, समुद्र तेवढे बाष्प पुरवतो, आणि ते बाष्प मूळच्या तापण्यात आपली भर घालते. म्हणजे बाष्प पुढाकार घेत नाही. ते तापमानाच्या मागून येते आणि त्याला आणखी पुढे ढकलते. अरबी समुद्र तापतो आहे. तो एका अंशाने तापला तर किनाऱ्यावरचा दवबिंदू जवळजवळ एका अंशाने चढतो, आणि मुंबईचा ओला तापमापक 28 वरून 29 कडे सरकतो, त्या 31 च्या दिशेने.